सोवळ्यातलं चॉकलेट

मल्लेश्वरममधल्या आमच्या घरमालकीणबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची. अक्का म्हणजे मोठी बहीण, आणि बहीण म्हटलं की माणूस थोड्या मायेची अपेक्षा ठेवतो. या अक्कांशी बोलताना मात्र आपण नकळत दोन हात मागे सरकायचो. नाही सरकलो तर त्या सरकायला लावायच्या. ‘मुट्टबेडा’ हा त्यांचा लाडका शब्द. शिवू नका, एवढाच त्याचा अर्थ. बंगळूरला येऊन मी जे काही कानडी शिकलो त्यातला हा पहिला शब्द, आणि बायकोचं ऐकाल तर शेवटचाही.

घर बघायला गेलो तेव्हा दलालाने आम्हाला नीट पढवून ठेवलं होतं. नागपूरचे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आधी झणझणीत रस्सा येतो, तेव्हा विचारतील तर सांगा की आम्ही कांदासुद्धा कधीमधीच खातो. अक्कांनी कांद्याचं नाव काढलं नाही. नोकरी काय, माणसं किती, आडनाव काय, यातलंही काही नाही. त्यांनी एकच विचारलं, "वाळत घातलेल्या कपड्यांना हात लावता काय?" मी म्हटलं, आमच्या कपड्यांना लावतो. "आमच्या?" नाही, म्हटलं. "सरी," म्हणजे ठीक, असं म्हणून त्यांनी किल्ली कट्ट्यावर ठेवली आणि त्या मागे झाल्या. मग मी पुढे होऊन ती उचलली. त्यांच्या वरच्या मजल्यावर राहिलो तोवर त्यांनी कुठलीही वस्तू आमच्या हातात दिली नाही. प्रत्येक गोष्ट आधी कुठेतरी ठेवायची, मागे व्हायचं, मग आम्ही उचलायची. माझ्या ऑफिसात लोक काम एकमेकांच्या गळ्यात याच पद्धतीने घालतात, त्यामुळे मला सवय व्हायला वेळ लागला नाही.

त्यांचे पूर्वज कधीकाळी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. घरात मराठी टिकली होती, पण तिच्यात कानडी इतकं मुरलं होतं की वेगळं काढता येत नसे. उलट त्यांनाच आमच्या मराठीची दया यायची. "तुमचं बोलणं हिंदीसारखं लागतं हो," असं त्या मला तोंडावर सांगायच्या. नागपूरचा माणूस यावर काय बोलणार?

आयुष्यभर त्यांनी मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. लग्न केलं नाही. त्याचं कारण विचारण्याची कुणाची छाती झाली नसावी, आणि माझा तर्क असा की शिवाशिवीचा प्रश्न आला असेल. पहाटे थंड पाण्याने अंघोळ, मग उंच दांडीवर वाळत घातलेलं सोवळं काठीने खाली काढायचं, ते नेसून स्वयंपाकघरात शिरायचं, आणि नैवेद्य होईपर्यंत जगाशी संबंध तोडायचा. या सगळ्याला त्या ‘मडी’ म्हणत. मडीत असताना कुणी कुरियर घेऊन आलं तर त्या खिडकीतूनच त्याला असं काही दटावायच्या की तो सहीबिही न घेता पळायचा. गळक्या नळासाठी प्लंबरला आत घ्यावं लागू नये म्हणून त्या स्वतः वॉशर बदलायला शिकल्या. प्लंबर ओसरीवर बसून तोंडी सूचना द्यायचा, वर फिल्टर कॉफी प्यायचा आणि मजुरी पूर्ण घ्यायचा.

शाळेच्या प्रयोगशाळेतही त्यांनी हेच चालवलं होतं म्हणे. एका बाटलीतला चमचा दुसरीत बुडवणाऱ्या मुलीला दिवसभर भांडी विसळायला लावायच्या. गल्लीतली एक माजी विद्यार्थिनी, आता स्वतः आजी झालेली, मला सांगत होती की मिसच्या तासाला आम्ही आम्लाला कमी आणि मिसना जास्त घाबरायचो. मी एकदा धीर करून अक्कांना विचारलं होतं की तुम्ही विज्ञान शिकवलंत आणि घरात सोवळं पाळता, हे जमतं कसं. त्यांनी माझ्याकडे एखाद्या नापास मुलाकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाल्या, दोन्हीकडे हात धुवायचे असतात, न जमायला काय झालं?

आता आम्ही अक्कांचं घर सोडून शहराबाहेर देवनहळ्ळीकडच्या एका नव्या लेआउटमध्ये राहतो. इथलं स्वयंपाकघर दिवाणखान्यातच आहे, म्हणजे बिल्डरने भिंत वाचवली आणि तिचं नाव जीवनशैली ठेवलं. कोणीही येतं, ओट्याला टेकतं, हातातला कप कुठेही ठेवतं. अशा वेळी मला अक्कांची फार आठवण येते. त्याला कारण आमची लेक.

लेकीला दुधाची अॅलर्जी आहे. शेंगदाण्याचीही आहे, पण दुधाची फार वाईट. दूध न आवडणं वेगळं, न पचणं वेगळं, आणि हे त्याहून वेगळं. दुधाचा अंश जरी पोटात गेला तरी अंगावर गांध्या उठतात, ओठ सुजतात आणि मग श्वास कोंडायला लागतो. नागपूरला एका पूजेत माझ्या मावशीने तिला प्रसादाचा शिरा भरवला. दूध नाही घातलं, पाण्यातला आहे, तूप तेवढं आहे, आणि तुपाने कुणाला काय झालंय, असं मावशीचं म्हणणं होतं. त्या तुपाने आम्हाला हॉस्पिटल दाखवलं. तेव्हापासून दूध, दही, लोणी, तूप सगळं बंद, आणि बायकोच्या पर्समध्ये कायम एक इंजेक्शन.

अशा मुलीच्या आईबापांना सल्ल्यांची कधीच ददात पडत नाही. देशी गाईचं देऊन बघा. म्हशीचं बघा. थोडं थोडं देत गेलं की सवय होते. मातीत खेळू दिलं नसेल. आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं. महादेवपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात एक गृहस्थ आहेत, ते सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेतात. त्यांनी मला एकदा जेवणाच्या सुट्टीत छातीठोकपणे सांगितलं की अॅलर्जी हा मनाचा खेळ आहे. मी म्हटलं, मुलगी तेव्हा बोलतही नव्हती, खेळ कुठून शिकली? ते म्हणाले, गर्भात.

आणि दुकानातली चॉकलेटं! दूध नसलेलं म्हणून जे मिळतं त्याच्या पाठीमागे मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं असतं की यात दुधाचे अंश असू शकतात. असू शकतात म्हणजे आहेत की नाहीत, हे कंपनीलाही ठाऊक नसतं. ते शोधून काढायचं काम त्यांनी आमच्या पोरीवर सोपवलेलं असतं.

अक्कांकडे राहत होतो तेव्हा तिच्या वर्गात कुणाचाही वाढदिवस असला की चॉकलेट वाटायचे. ही ते घ्यायची, थँक्यू म्हणायची, न उघडता दप्तरात ठेवायची आणि घरी आणून आम्हाला द्यायची. आम्ही खायचं आणि कसं लागतं ते तिला सांगायचं, असा तिचा नियम होता. आम्ही तोंड वाकडं करून सांगायचो की फार गोड आहे, दाताला चिकटतं, तुला आवडलं नसतं. ती मन लावून ऐकायची. शाळेत तिचा स्वतःचा वेगळा डबा असायचा, त्यावर तिचं नाव लिहिलेलं. सातवा वाढदिवस जवळ आला तेव्हा आम्ही विचारलं, काय पाहिजे? सायकल म्हणेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "सगळ्यांना जे असेल तेच मला. त्याच ताटातलं. माझा वेगळा डबा नको."

अक्कांना हे सगळं कळलं ते भांडणातून. त्या वर्षीच्या गोकुळाष्टमीला त्यांनी जिन्याच्या पायरीवर आमच्यासाठी प्रसादाचं ताट ठेवलं, लाडू आणि दही घालून कालवलेले पोहे. लेकीचा हात जाऊ नये म्हणून बायकोने ते तसंच खाली नेऊन ठेवलं आणि वर आली. प्रसाद परत केला! अक्कांनी आमच्याशी अबोला धरला. एरवीही त्या कमीच बोलायच्या, त्यामुळे अबोला सुरू झालाय हे समजायलाच आम्हाला आठवडा गेला. शेवटी मी खाली जाऊन, योग्य अंतरावर उभं राहून, सगळं समजावून सांगितलं.

त्यांनी एखाद्या वकिलासारखी उलटतपासणी घेतली. तिची भांडी वेगळी काय? हो. पुसायचं फडकं? तेही वेगळं. दुधाचा हात तिच्या पातेल्याला लागला तर? परत घासायचं. तोच चमचा इकडून तिकडे? छे, चालायचंच नाही. पाहुणे आले की? त्यांना ओट्याजवळ येऊ देत नाही, लोक नाराज होतात. मग अक्कांच्या चेहऱ्यावर मी तोवर कधी न पाहिलेला भाव आला. आनंद झाला असावा.

"म्हणजे मडीच की हो," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, डॉक्टर याला क्रॉस-कंटॅमिनेशन म्हणतात.

"म्हणू देत. आम्ही मुसुरे म्हणतो."

मुसुरे म्हणजे खरकटं. शिजलेल्या अन्नाला लागलेला हात दुसऱ्या कशाला लागला की तेही मुसुरे, मग धुवा, परत हात धुवा. इतकी वर्षं नातेवाईक, शेजारी, भाडेकरू सगळे त्यांच्या या नियमांना मागे हसत आले होते. आणि आता एका नागपूरच्या संगणकवाल्याने येऊन डॉक्टरच्या चिठ्ठीसकट सांगितलं होतं की हे सगळं बरोबर आहे. त्या दिवसापासून अक्का आमच्या लेकीला ‘पुट्टी’ म्हणायला लागल्या, म्हणजे छकुली. अर्थात लांबूनच.

एक गोष्ट मात्र त्यांच्या पचनी पडेना. त्यांच्या शास्त्रात दूध आणि तूप यांना विटाळ नाही. इतर गोष्टी शुद्ध करायला ती वापरायची. आणि या मुलीला नेमकं तेच विष! "देवानं उलटं करून ठेवलंय बघा," असं त्या एकदा अगदी मनापासून चिडून म्हणाल्या. देवावर त्या चिडल्याचं मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं.

वाढदिवसासाठी मी वर आमच्या स्वयंपाकघरात चॉकलेट करायला घेतलं होतं. इंटरनेटवर सगळे सांगतात की हे काम लहान मूलही करू शकतं. कोको पावडर, खोबरेल तेल, साखर, झालं. लहान मूल करू शकत असेल, मला जमलं नाही. एकदा ते करपलं, एकदा त्यात पाण्याचा थेंब पडून त्याचा चिखल झाला, एकदा दिसायला सुरेख झालं आणि सुरी मोडली. करपल्याचा वास खाली गेला आणि जिन्यातून विचारणा झाली की काय जाळताय. मी कृती सांगितली. अक्का म्हणाल्या, यात स्वयंपाक कुठे आहे, हे तर रसायन, मला जमेल.

त्यानंतर त्या घरात जे सुरू झालं त्याला चॉकलेट करणं म्हणणं म्हणजे फारच सौम्य झालं. पहिला वाद खोबरेल तेलाचा. ते डोक्याला लावतात, तोंडात घालत नाहीत, हे त्यांचं ठाम मत. त्यातून वाट काढून त्या घाण्यावर गेल्या, तर तिथे त्याच घाण्यात शेंगदाणेही गाळतात असं कळलं. घाणेवाल्याने धुऊन देतो म्हटलं. कशाने धुणार, किती वेळा, फडकं कुठलं, असं विचारून विचारून त्यांनी त्याच्या नाकी नऊ आणले. शेवटी घरीच नारळ खवून, दूध काढून, ते आटवून त्यांनी तेल काढलं. आठवडाभर सगळ्या घराला असा वास सुटला होता की येणारा जाणारा विचारायचा, केरळचे पाहुणे आलेत काय? या प्रश्नाने अक्का फार दुखावल्या जायच्या.

मग नमुने येऊ लागले. संध्याकाळी ऑफिसातून, म्हणजे शहराचं एक टोक सोडून दुसऱ्या टोकाला घामाघूम पोहोचलो की जिन्याच्या पायरीवर झाकलेली वाटी दिसायची. गूळ घातलेलं फसफसलं. नाचणी भाजून घातलेलं वाळूसारखं लागलं. एक तर इतकं कडू झालं की बायकोने त्याला काढा म्हणून पाण्यात घालून बघितलं. याचं कारण असं की अक्का स्वतः चव बघत नसत. नैवेद्याआधी सोवळ्यात चव घ्यायची नसते, आणि प्रयोगशाळेत कुठलीही वस्तू तोंडात घालायची नसते. दोन्ही शास्त्रांनी त्यांचं तोंड बांधलं होतं, आणि म्हणून आमची तोंडं त्यांनी कामाला लावली. आम्ही जिन्यात उभं राहून निकाल ओरडून सांगायचो आणि त्या खालून म्हणायच्या, "गोड म्हणजे केवढं? चांगलं म्हणजे काय? नीट सांगा की."

लेक मात्र खूश होती. प्रत्येक नमुना ती खायची, कडूसुद्धा, आणि एखाद्या तज्ज्ञासारखी मान डोलवायची. अखेर चुरमुरे घातलेला नमुना आला. चुरमुरे लोखंडी कढईत परतून कुरकुरीत केलेले, वर चॉकलेटचा चकचकीत थर. आम्ही तिघांनी जिन्यात बसूनच वाटी रिकामी केली. मी खाली ओरडून सांगितलं की हे झालं. "झालं म्हणजे?" म्हणजे फार छान झालं, अक्का. "सरी," एवढंच उत्तर आलं. पण नंतर बराच वेळ भांडी घासता घासता त्या काहीतरी गुणगुणत होत्या.

वाढदिवस डिसेंबरातला. शनिवार होता. अक्कांनी जाहीर केलं की पोरं त्यांच्या ओसरीवर येतील, कारण वरच्या मजल्यावर माझ्या कॉफीच्या दुधाची ये-जा असते. आदल्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाकघरातून दूध, दही, तुपाची बरणी सगळं हद्दपार केलं. फ्रिजमध्ये दूध असतं म्हणून फ्रिजही बाद. पण थंडीत बंगळूरला खोबरेल आपसूक गोठतं, आणि त्यांच्या ओट्याची काळी फरशी तर बर्फासारखी गार. छोट्या इडल्यांचं पात्र नवं आणून त्यात त्यांनी चॉकलेट ओतलं, आणि दुपारपर्यंत इडलीच्या आकाराची गोल गोल चॉकलेटं तयार. पोरांच्या आया ओसरीच्या कडेला बसल्या होत्या. एकीने कौतुकाने विचारलं, ऑरगॅनिक आहे का? अक्का म्हणाल्या, "मडी आहे." बाईंनी ती कुठली कंपनी म्हणून आपल्या फोनवर शोधायला घेतलं.

पोरं गोल करून बसली. लेक मधोमध. तिच्यासमोर डबा नव्हता. मी बायकोकडे बघितलं, तर तिचे डोळे आधीच भरले होते. अक्का आतून मोठं पितळी ताट घेऊन आल्या, चॉकलेटांनी शिगोशीग भरलेलं. त्यांनी ते मध्ये ठेवलं, मागे झाल्या. "घे पुट्टी. पहिलं तू."

लेकीने एक उचललं. अक्का आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघत होत्या. बोटं त्यांनी नाकाशी नेली.

"मुट्टबेडा!"

अशी किंकाळी मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. पोरं दगडासारखी थिजली. आणि सोवळं नेसलेल्या, आम्हाला किल्लीसुद्धा हातात न देणाऱ्या त्या बाईने दोन ढांगांत येऊन लेकीचं मनगट पकडलं, चॉकलेट तिच्या ओठांपासून हिसकावलं, तिला तसंच ओढत नळावर नेलं आणि साबणाने तिचा हात कोपरापर्यंत धुऊन काढला. मग वळून सगळ्यांसमोर, स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "यावर तूप पडलंय. मी घातलंय."

झालं होतं ते असं. त्यांच्या घरात ताट वाढलं की वर तुपाचा थेंब पडतो, त्याला अन्नशुद्धी म्हणतात. तो पडल्याशिवाय नैवेद्य होत नाही, आणि नैवेद्य झाल्याशिवाय कुणी घास तोंडात घालत नाही. जिन्यातल्या वाट्या हे प्रयोग होते, त्यांचा देवाशी संबंध नव्हता. त्या दिवशी चॉकलेट पहिल्यांदा ताटात आलं, म्हणजे ते अन्न झालं, आणि अन्न झालं तसं ते देवघरात गेलं. स्वयंपाकघरातून त्यांनी दुधातुपाचा मागमूस ठेवला नव्हता. पण देवापुढची तुपाची चांदीची वाटी स्वयंपाकघरातली नव्हती, ती देवाची होती. तिचा हिशेब करायचं त्यांच्या मनातही आलं नाही. जन्मभराच्या सवयीने हात गेला, पळी उचलली, आणि सगळ्यांत शुद्ध गोष्ट ताटावर शिंपडली.

बायकोच्या हातात इंजेक्शन आलं होतं. लेकीने खाल्लं नव्हतं. ओठालाही लागलं नव्हतं. आम्ही तिला नखशिखांत न्याहाळत उभे होतो. तिने ओला हात फ्रॉकला पुसला आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "असू दे, अक्का. मला सवय आहे. ते खाऊ देत, मी बघते."

सात वर्षांच्या मुलीने कशाची सवय असल्याचं सांगावं! मला रडू फुटेल असं वाटलं, आणि रागही आला. अक्कांचा, मावशीचा, त्या सॉफ्टवेअरवाल्याचा, सगळ्या जगातल्या गाईम्हशींचा. कडेला बसलेल्यांपैकी एक बाई म्हणाल्या, मग बाकीच्यांनी खायला काय हरकत आहे, पोरं खोळंबली आहेत. त्यांच्या मुलाने हात पुढे केलाही होता.

अक्कांनी ताट उचललं. "कुणीच नाही खायचं," त्या म्हणाल्या. "दुसरं करते. थांबायचं असेल त्यांनी थांबा. नसेल त्यांनी जावा." लाखमोलाचं आदरातिथ्य! आश्चर्य म्हणजे एकही जण उठला नाही. पोरांनी गल्लीत लगोरी मांडली आणि आयांनी आपापले फोन काढले.

अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबल्या. सोवळं तर मोडलंच होतं. त्यांनी वळून लेकीला हाक मारली. "पुट्टी, आत ये." त्या स्वयंपाकघरात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं, प्लंबरने टाकलं नव्हतं, त्यांच्या सख्ख्या भाचीनेही टाकलं नव्हतं. लेक माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली.

"माझ्या हाताचा भरवसा राहिला नाही," अक्का तिला सांगत होत्या. मी दाराबाहेरून ऐकत होतो. "माझं ध्यान नसताना तो आपला जातो. तू बघत राहा. जाऊ लागला की अडव. भिऊ नको. ओरड."

लेक ओट्याशेजारी स्टुलावर उभी राहून पहारा देऊ लागली. अक्कांनी हात धुतले, तिने पाहिले. इडलीपात्र घासलं, तिने वाकून वाकून तपासलं आणि एका कोपऱ्यात परत घासायला लावलं. अक्कांनी निमूटपणे घासलं. कोको चाळला, तेल पातळ केलं, साखर मिसळली, चुरमुरे घातले. फरशीवर पात्र गार होत राहिलं आणि त्या दोघी त्याच्याकडे बघत बसल्या. एक म्हातारी, एक पोर, दोघींना जगातल्या प्रत्येक चमच्याचा संशय.

ऊन उतरलं तेव्हा चॉकलेटं सुटून आली. अक्कांनी नव्या ताटात ती काढली, ताट दोन्ही हातांनी उचललं आणि चालू लागल्या. सरळ देवघराकडे. त्यांचं लक्षच नव्हतं, पायांना तीच वाट ठाऊक. लेक स्टुलावरून उडी मारून धावली आणि देवघराच्या दारात हात पसरून उभी राहिली.

"अक्का, मुट्टबेडा!"

अक्का थबकल्या. ताट हातात, समोर दार अडवून उभी आमची पोर, तिच्या मागे समई आणि देव. न दाखवलेलं अन्न त्या घरातून कधी बाहेर गेलं नव्हतं. त्यांच्या आईच्या काळी नाही, आजीच्या काळी नाही. क्षणभर मला वाटलं, आता त्या हिला बाजूला व्हायला सांगतील. त्यांनी एक लांब श्वास सोडला, देवाकडे बघितलं आणि पाठ फिरवली.

ओसरीवर पोरं परत गोल बसली होती. अक्कांनी या वेळी ताट खाली ठेवलं नाही. त्यांनी स्वतःच्या हाताने एक चॉकलेट उचललं आणि लेकीच्या तोंडात घातलं. मग ताट फिरलं. सगळ्यांचे हात एकाच ताटात पडले, एकमेकांना लागले, बोटं माखली, आणि लेकीने दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. बायको इंजेक्शन मुठीत धरून तिच्याकडे बघत राहिली. काही झालं नाही. गालभर चॉकलेट, एवढंच.

मध्येच लेकीचं चावणं थांबलं. तिने आत देवघराकडे बघितलं. "अक्का, देवाचं राहिलं."

अक्का तिच्याशेजारीच जमिनीवर टेकल्या होत्या, खांद्याला खांदा लावून. त्यांनी पदराने तिचं तोंड पुसलं.

"त्याला कसली अॅलर्जी नाही," त्या म्हणाल्या. "तो थांबेल. तू खा."